वरच्या मजल्यावर दिसणारी नक्षी

अप्पा, काल मी नवी पेठेत राउटर घ्यायला गेले होते. राउटर म्हणजे घरभर इंटरनेट पोचवणारी डबी; तुमच्या वेळी आपल्याकडे नव्हती. दुकानदारानं चार-चार शिंगांचे डबे समोर मांडले. मी म्हटलं, "मागं यूएसबीची दोन तोंडं असलेला दाखवा. एकाला प्रिंटर, एकाला डिस्क. दोन्ही वरच्या मजल्यावरून वापरता आली पाहिजेत." तो म्हणाला, "असला कोण मागत न्हाय आता, मॅडम. सगळे मोबाईलवरच ठेवतात की." तरी आतून एक काढून आणला. एका तोंडाचाही होता, पण मग प्रत्येक वेळी एक काढून दुसरं लावत बसावं लागलं असतं.

वर दादा राहतो. चार वर्षं आम्ही बोललो नाही. घराला रंग देताना त्यानं तुमची ट्रंक रद्दीत घातली, जुने कागद समजून. चादरींच्या कारखान्यासाठी तुम्ही जन्मभर काढलेल्या नक्ष्या होत्या त्यात. मी त्याला नको नको ते बोलले. पण त्यातले निम्मे कागद तुम्ही असतानाच मी ऑफिसात स्कॅन करून डिस्कवर ठेवले होते, हे मात्र सांगितलं नाही. सलू दे त्याला, असं वाटायचं. गेल्या महिन्यात वहिनी सहज म्हणाली, "ह्यांच्या स्वप्नात अजून ती ट्रंक येते."

आज सकाळी मी डिस्क आणि प्रिंटर राउटरला जोडले, फोल्डरला 'अप्पा' असं नाव दिलं आणि वहिनीला पासवर्ड पाठवला. दुपारी मी खिडकीशी बसले होते. प्रिंटर आपोआप घरघरला, आणि त्यातून हळूहळू एक मोर बाहेर येऊ लागला, आधी तुरा, मग मान, सगळा बारीक चौकोनांचा. मी पुन्हा लहान होते; उन्हात तुम्ही ग्राफच्या कागदावर वाकला आहात. "इल्लि बा," म्हणून मला जवळ बसवता, हातात लाल पेन्सिल देता. मी मानेत एक घर जास्तीचं रंगवते. "एक चौकोन म्हणजे एक धागा," तुम्ही म्हणता, "हितं चुकलं की सगळ्या चादरीत चुकतंय." आवाज कडक, पण माझा हात तुमच्या हातातच.

जिन्यावर पावलं वाजली. दादा चिंचोळीच्या कारखान्यातल्या पाळीवरून नुकताच आलेला, कंपनीच्याच शर्टात. त्यानं कागद उचलला.

"हे अप्पांचंच हाय ना?"

"व्हय."

"किती हायत असले?"

"निम्मे तरी."

तो तिथंच फरशीवर बसला. मोरावरून बोट फिरवत म्हणाला, "कुटं होतं हे?"

"परवा कपाट आवरताना सापडलं."

त्यानं मान हलवली आणि चहा मागितला. मग शाई फिकी होईपर्यंत आम्ही एकेक नक्षी काढत राहिलो. फरशीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

हे पत्र मी त्या फोल्डरमध्ये ठेवणार नाही, वर दादाला दिसेल. डिस्क परवा सापडली नव्हती, अप्पा. ती कुठं आहे, हे मला चारही वर्षं रोज ठाऊक होतं.