ओट्यावरची सीट

मंगळवार, ४ मार्च
आज माझ्यामुळे नात पडली, म्हणून लिहायला बसले. उद्यापर्यंत मी ही हकिगत स्वतःच्या सोयीची करून टाकीन — मी मला ओळखते.

मुंगी पाच महिन्यांची. सून कामावर. मुंगीला गाडीतून काढता येणाऱ्या तिच्या छोट्या सीटमध्ये बसवलं आणि सीट स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली. खाली वाकलं की गुडघा बोलतो, म्हणून! पट्टा लावला नाही. दोन मिनिटांचं तर काम! बाटली विसळायला पाठ फिरवली. पोरगी पाय झाडत होती; दर लाथेला सीट बोटभर सरकत असणार. मग आवाज आला. तो लिहिणार नाही.

डोक्याला लिंबाएवढं टेंगूळ. लगेच रडली, हे चांगलं म्हणे. दवाखान्यात रात्रभर नजरेखाली ठेवणार आहेत. डॉक्टरीण माझीच विद्यार्थिनी निघाली! "बाई, घर्षण तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

तीस वर्षं शिकवलं. हे उत्तर चुकणाऱ्याला मी बाकावर उभं केलं असतं.

सून धावत आली. तिला म्हणाले, "सीट सरकली." सीट! जणू मी तिथे नव्हतेच.

बुधवार, ५
मुंगी घरी आली. दूध प्यायली. हसली! देवाचे आभार, डॉक्टरणीचे आभार, ओट्याखालच्या त्या जाड पायपुसण्याचेही आभार.

आम्ही दवाखान्यातून निघताना डॉक्टरीण म्हणाली, "सीट जमिनीवरच. पट्टे कायम लावलेले. इथे येणारे सगळे हेच सांगतात, बाई — दोनच मिनिटं."

गुरुवार, ६
सुनेला खरं सांगितलं. ओट्यावर मी ठेवली, पट्टा मी लावला नाही.

ती दुपट्यांच्या घड्या घालत होती. थांबली. "माहीत होतं, आई. पट्टे सीटमागे दुमडलेले होते. तुम्ही कधी सांगताय, बघत होते."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. कालपासून घेतलेली रजा वाढवते म्हणाली. मुंगी तिची आहे.

शनिवार, ८
बुटकं स्टूल आणलं. आता जमिनीवरच्या सीटशी गुडघा न दुखवता बसता येतं. सून दारातून म्हणाली, "बाईंचं प्रयोगाचं साहित्य आलं वाटतं!" चार दिवसांनी हसली. देवा, एवढंही पुष्कळ.

सोमवार, १०
सून सव्वाआठला कामावर गेली. रजा वाढवली नाही. जाताना माझ्या ताब्यात दिलं: बाटल्या दोन, दुपटी तीन, सीट एक, मुंगी एक.

भरून पावले.