खिशातले हात

टिनकप ओढा, अलास्का
९ सप्टेंबर १९९८

प्रिय वेंडेल,

एकोणीस वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. रुडी एप्रिलमध्ये गेला, नदीवरचा बर्फ फुटायच्या आदल्या आठवड्यात. शेवटपर्यंत डॉक्टरलाच औषधं सांगत होता. गुडघे सोडले तर मी बरी आहे. पण डोकं ठिकाणावर नाही, आणि त्याला कारण तू तरी आहेस नाहीतर तो तरी. नेमकं कोण, तेच मला कळत नाही.

झालं असं, की जुलैमध्ये सरकारी भूगर्भ खात्याची एक मुलगी विमानाने आली. कोरिन नाव. तिची आजी आपल्याला सुकवलेले मासे द्यायची, आठवते? जुन्या लोकांनी हा ओढा कसा खणला, त्याची नोंद तिला करायची होती. मी सगळं दाखवलं. गोठलेली जमीन शेकोट्यांनी वितळवत त्यांनी थेट कातळापर्यंत नेलेली भोकं, त्या जाळासाठी तोडलेल्या झाडांचे खुंट, आणि रुडीची सोनं धुवायची लाकडी पन्हळ. मग नको तो शहाणपणा केला आणि १९७९ ची चिठ्ठी लावलेली बरणी तिच्यापुढे ठेवली. त्या उन्हाळ्यातलं बरंचसं सोनं आम्ही विकलं होतं, उरलेलं रुडीने शकुनाचं म्हणून ठेवलं होतं. तिने ते परातीत पसरलं, भिंग लावलं आणि म्हणाली, "थोराआजी, यात दोन ओढ्यांचं सोनं कसं काय गं?"

मी म्हटलं, "पोरी, आधी डोळे तपासून घे." ती हसली. सोनं जितकं लांब घरंगळत येतं तितकं चपटं होतं, हे तुला मी काय सांगू! टिनकपचं सोनं म्हणजे कोंडा. पण बरणीतले निम्मे दाणे खडबडीत, कोपरे शाबूत, काहींना पांढरी गारगोटी चिकटलेली. म्हणजे कातळातल्या मूळ शिरेपासून हाकेच्या अंतरावरचे. अशी शीर फक्त टेकडीपलीकडच्या तुझ्या नाल्यात आहे, आणि तुझा नाला ओढ्याला मिळतो तो आमच्या पन्हळीच्या खालच्या अंगाला. पाणी काही चढावर वाहत नाही. तरी मी तिला दोन दिवस पॅनकेक खिलवून आमची टेकडी धुंडाळायला लावली. म्हटलं, एक गारगोटी सापडू दे, म्हणजे मी सुटले. निघाला तो नुसता काळा, पापुद्र्यांचा दगड.

१९७९ च्या त्या उन्हाळ्याआधी दोन वर्षं पन्हळीत काही येत नव्हतं. सिॲटलला बहिणीकडे कायमचं जायचं म्हणून मी ट्रंक भरली होती. ट्रंक रुडीने बघितली होती. आणि तुला मी स्वतः सांगितलं होतं, पाण्याच्या बादल्या आणताना. तू "बरं" म्हणालास, एवढंच. त्या "बरं"चा मला फार राग आला होता, आज सांगते. पुढच्याच शनिवारी पन्हळ उपसली तर तळाच्या गोणपाटात सोनंच सोनं! रुडी मला उचलून नाचला. चोर इतका मनापासून नाचतो का रे? पण रुडी थापा मारतानाही नाचायचा. मी ट्रंक रिकामी केली.

ऑक्टोबरात तू न सांगता निघून गेलास. रुडी म्हणाला, "नाला आटला, पळाला बेटा." आटला, की कुणी उपसला? त्या उन्हाळ्यात रुडी रोज मूस हरणाच्या शिकारीला तुझ्या बाजूला जायचा आणि एकदाही मूस घेऊन आला नाही. तेवढ्यावरून मी त्याला चोर म्हणू? बरं, म्हणावं तर तू आठवतोस. दुसऱ्याच्या पन्हळीपाशी जायचं तर हात खिशात घालून, ही आपल्याकडची रीत. रुडी ती कधीच पाळायचा नाही आणि तू जरा जास्तच पाळायचास. मी चिडवायचे, "काढ रे हात बाहेर, तुला कोण चोर म्हणतंय!" तू लालबुंद व्हायचास आणि हात आणखी खोल घालायचास. मला वाटायचं, लाजतोय. आता वाटतं, त्या खिशांत होतं तरी काय?

राग कशाचा येतो सांगू? दोघांपैकी कुणीही असो, माझं आयुष्य त्याने मला न विचारता ठरवलं. आणि मी वेडी, इतकी वर्षं ओढ्याचे उपकार मानत बसले. तू असशील तर आणखी राग येतो. मला इथे थांबवलंस, आणि मग स्वतः का गेलास?

म्हणून हे पत्र. खडबडीत दाणे मी चिमट्याने वेगळे करून ठेवलेत. ते तुझे, एवढ्याबाबत तरी गोंधळ नाही. रुडीने चोरले असतील तर दोन ओळींत तसं लिही; मी ते पोस्टाने पाठवीन आणि त्याच्या वतीने माफी मागीन. माझं मन राखायला खोटं लिहू नकोस. पण तूच आमच्या पन्हळीत टाकले असशील तर लिहूच नकोस. शेवटचं विमान ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतं. उतरशील तेव्हा हात खिशाबाहेर ठेव, म्हणजे मला लांबूनच कळेल.

तुझीच (हे मात्र मी स्वतः ठरवलंय),
थोरा