बिडी सुटल्याचा खोकला

२१ नोव्हेंबर ९९, निमोणे
शिरूरला जाऊन आलो. ह्यांचा दिवाळीपासूनचा खोकला हटत नाही. डॉक्टरांनी छाती तपासली, म्हणाले बिडी आजपासून बंद. हे गप्प बसतील तर शपथ. "आधी हिची मिसरी सुटू द्या, मंग माझी बिडी." परक्या माणसापुढं! मला असा राग आला. म्हटलं, "सुटली. आता बोला." डॉक्टर हसायला लागले. येताना एस.टी.त दोघं दोन तोंडाला. घरी आल्यावर त्यांनी बंडल चुलीत टाकलं, मी मिसरीची डबी उकिरड्यावर. बघू कोण आधी हरतं.

२३ नोव्हें.
बिडी नाही, मिसरी नाही. डोकं ठणकतंय. सकाळी नुसती बसून आले. मिसरी लावल्याशिवाय पोट हलतच नाही, लग्नाआधीपासूनची सवय. हिरड्या शिवशिवतात. राखुंडी लावून बघितली. थू.
ह्यांचं माझ्याहून वाईट. आमच्या पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बाईवर खेकसले, "ज्वारी वल्ली हाय, न्या माघारी." वल्ली कसली, चांगली खडखडीत होती. मीच दळून दिली.

२८ नोव्हें.
बि. ना., मि. ना.
ह्यांना तोंड आलंय. दूध-भाकरीवर आहेत. हात सारखा कानाकडं जातो, तिथं बिडी खोचलेली असायची. मी बघितलं की कान खाजवल्यासारखं करतात. मला आधी हसू येतं, मग वाईट वाटतं.

४ डिसें.
खोकला वाढला. गिरणीवर येणारा जो तो शहाणपण शिकवतो. शेजारचे आप्पा म्हणाले, "रघू, जुनी बिडी अशी तोडत नसत्यात. छाती कोरडी पडती. दिसाला एक तरी वढ." मी आतून ओरडले, "आप्पा, तुमचं दळण कवाच झालंय. निघा." वडीलधाऱ्या माणसाला असं बोलू नये. बोलले. हे हसले, किती दिवसांनी. हसता हसता खोकला लागला तो थांबेना.

९ डिसें.
परत शिरूर. डॉ. म्हणाले, बिडी सोडल्यावर खोकला वाढतोच, आत साचलेलं सुटून येतं. महिना-दोन महिने सोसा. पातळ औषध दिलं. माझा जीव भांड्यात पडला. स्टँडवर उसाचा रस प्यायलो दोघं. येताना ह्यांच्याकडून पाठ करून घेतलं, कुणी विचारलं तर सांगायचं, "सुटून येतंय." शाळेतल्या पोरासारखं दोनदा म्हणून दाखवलं.

१८ डिसें.
एरंडेल घेऊन घेऊन माझं पोट लायनीवर आलं एकदाचं. मिसरीची आठवण फक्त सकाळी येते, बायका ओट्यावर बसून लावत असतात तेव्हा. माझी तिथली जागाच गेली. बोट तोंडात नसेल तर तिथं बसून करायचं काय?
ह्यांचा आवाज बसलाय. पट्ट्याच्या घरघरीत ऐकू येत नाही, गिऱ्हाईकं "आँ? आँ?" करतात. सदराही ढगळ होतो. म्हटलं, बिडी सुटली की माणूस उलट अंग धरतो म्हणतात. तर म्हणे, "मला जरा उशिरा धरंल."

२ जाने. २०००
आज हातपाय गाळले त्यांनी. "शालन, एकच. गिरणीमागं जाऊन येतो. छातीत कळ येती, सोसत न्हाई." मी लई बोलले. एवढं सोसलंत ते पाण्यात घालणार का? म्हटलं, हा बिडीचा जीव चाललाय, तुमचा नाही. तिला जाऊ द्या. कुठून सुचलं देव जाणे. पटलं त्यांना. टाकी-हातोडा घेतला आणि गिरणीच्या जात्याची गुळगुळीत झालेली पाळी ठोकत बसले, दुपार होईपर्यंत. मधे मधे छाती धरत होते, पण उठले नाहीत.
संध्याकाळी हेच वाक्य आप्पांना ऐकवत होते. मला बरं वाटलं. मी जिंकले असं वाटलं.

१९ जाने.
हळदीकुंकू होतं. बायका यायच्या आधी धुणं उरकायला घेतलं, तर ह्यांच्या रुमालाची घडी आतून वाळून कडक झालेली. रक्त. सदऱ्याच्या खिशात तळाला कोंबला होता. तशीच ओल्या हातानं गिरणीवर गेले, दाखवला. खाली बघून म्हणाले, "सुटून येतंय."
माझेच शब्द.
बायका आल्या, गेल्या. तिळगूळ दिला, वाण दिलं. ज्या त्या बाईनं कुंकू लावलं की वाटायचं हिचा हात धरून मोठ्यानं रडावं.

२२ जाने.
शिरूर. छातीचा फोटो काढला. डॉ. फोटो उजेडाला धरून उभे राहिले ते कितीतरी वेळ. मग म्हणाले पुण्याला जा. हे म्हणाले, "पर बिडी तर सोडलीय." डॉ.नी चिठ्ठी लिहून दिली.

५ फेब्रु., दौंड
गिरणीची किल्ली आप्पांकडं दिली. आता आम्ही संपतभाऊजींच्या क्वार्टरवर. धाकटे दीर, रेल्वेत आहेत. इथून पुण्याला गाडीनं न्यायचं सोपं पडतं.
पुण्याच्या दवाखान्यात मला नि भाऊजींना बाहेर बोलावलं. फुप्फुसात गाठ. पसरलीय. ऑपरेशन होणार नाही, नुसता मशीनवर विजेचा शेक द्यायचा. मी विचारलं, बिडी सोडल्यानं झालं का? ते डॉक्टर म्हणाले, नाही बाई, कितीतरी आधीपासूनचं असणार.
म्हणजे मी ज्याला सुटून येणं म्हणत होते ते सगळं हेच. छातीतली कळ, आवाज, ढगळ सदरा. ह्यांनी सांगितलं आणि मी सोसा म्हटलं.
ह्यांना बोललो नाही कुणी. भाऊजी म्हणाले, "दादाला कळलं तर तो आजच झोपंल, उठायचा न्हाई." छातीत पाणी झालंय, शेकानं सुकेल, असं सांगितलंय. ह्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही कोण जाणे.

१२ फेब्रु.
शेकाला गेलो. गाडीत समोरच्या बाकावर एक शेतकरी बिडी ओढत होता. हे त्याला सांगायला लागले, पण आवाज कुठंय, नुसती हवा. तो मला म्हणाला, "पाव्हणं काय म्हणत्यात?" मग ह्यांनी माझ्या कानात सांगायचं आणि मी त्याला. "सोडा म्हणत्यात. सुरवातीला त्रास व्हतो, तोंड येतं, खोकला सुटतो. मला बी लई झाला. सोसायचं, जातंय समदं."
हे सगळं मी माझ्या तोंडानं बोलले. त्या माणसानं बिडी विझवली. ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही शाळेत पहिला नंबर आलाय.

१७ फेब्रु.
शेक थांबवला. मोठ्या डॉ.नी मला एकटीला बोलावलं. आता पथ्य नको, जे मागतील ते द्या. मी म्हटलं, बिडीसुद्धा? मागितली तर द्या, म्हणाले.
भाऊजींनी संध्याकाळी बंडल आणून माझ्या हातात दिलं. रडत होते. मी परत त्यांच्या खिशात घातलं. एवढं भांडून सोडवलेली बिडी मीच समोर ठेवली, तर ह्यांना काय कळायचं राहील? जाऊबाई म्हणाली, "वैनी, तुम्ही तरी लावा मिसरी, कशापायी सोसताय?" तेच. माझ्या तोंडाला वास आला तरी त्यांना कळेल.
पण जीव खरंच बिडीत अडकला असेल तर? एक झुरका, तेवढं सुख मी अडवून बसलेय का? कुणाला विचारू?

२३ फेब्रु.
बि. ना., मि. ना.
दुपारी उन्हात बसवलं ओट्यावर, पाठीला उशी. समोर रेल्वेच्या यार्डात डबे जोडत होते, ते बघत होते. मग हातानं बोलावलं. कान जवळ नेला.
"शालन, म्या बिडी मागितली तर दिशील?"
तोंडावर "हो" आलं होतं. भाऊजी आतच होते, हाक मारायचा अवकाश. पण हे माझ्या तोंडाकडं बघत होते, पापणी न हलवता. बिडीची तलफ आलेला माणूस असा बघत नाही, असं मला वाटलं.
म्हटलं, "मागून तर बघा. हात मोडून ठेवीन."
हसले. "मंग बरा व्हईन म्हंजी," म्हणाले, आणि डोळे मिटून पडून राहिले.
मी आत जाऊन पदर तोंडात कोंबला.
संध्याकाळी चतकोर भाकरी खाल्ली, दुधात कुस्करून. खरंच मागत होते की मला चाचपून बघत होते, अजून कळत नाही. उद्या परत विचारलं तर काय सांगू?