काचेपलीकडचे हात

४ मार्च, मंगळवार
आज परत घोळ घातला! व्यसनमुक्ती केंद्राच्या वासिती बाईंनी मला सांगितलं, "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, विचार बाबांना." हातच उठेनात माझे. मी खुणेनं विचारलं, झोप लागते का? बाबांनी नाही अशी मान हलवली. मी सांगितलं, "नाही म्हणतात."
बाबांना ऐकू येत नाही; मी शाळा सोडल्यापासून त्यांचे कान मीच. पण असलं कसं विचारू?

५ मार्च
बाबा कामावरून येईपर्यंत मी दारातच बसले. भीती वाटते.

११ मार्च
राजधानीतून, सुवाहून, बसनं रोपाते आला. खुणांच्या भाषेचा शिकलेला दुभाषी! म्हणाला, "पोरी, तुझी सुट्टी. जा, बर्फाचा गोळा खा." बाबा हसले. खुणेनं रोपातेला म्हणाले — चेहरा बघ उंदरीचा! दारू मी सोडतोय का ही?
बाईंनी दार घट्ट लावलं. "आता बाहेर काही ऐकू जाणार नाही हं."
दार काचेचं!
बाबांचे हात सगळे दिसले. पुलावर गेलो होतो, म्हणाले. कठड्यापाशी. दोनदा.
गोळा हातातच वितळला.

१२ मार्च
बाबा साखर कारखान्यात निघाले. मी मागं मागं, लपत. पुलावर मी दोन पावलं जवळ सरकले. बाबा नीट पलीकडे गेले. त्यांना पत्ता नाही.

१८ मार्च
आज धीर करून सांगितलं. "बाई, मला बाहेरून सगळं कळतं."
"अगं, दार बंद असतं की!"
"हात दिसतात ना."
बाईंनी कपाळावर हात मारला. "देवा! आवाज जात नाही म्हणून तर ही खोली घेतली!" रोपाते म्हणाला, "माझे डोळे यांच्या हातांवर, दाराकडे लक्षच कुठं?" मग त्यानं बाबांना सांगितलं. बाबा माझ्याकडे बघतच राहिले.
बाईंनी कपाटातला कमरेला गुंडाळायचा फुलाफुलांचा सुलू काढून काचेवर टांगला. आता काही दिसत नाही. हे तर जास्त वाईट! आत काय बोलले? परत तेच?
घरी येताना बाबांचे हात खिशात. एक खूण नाही. मी कशाला तोंड उघडलं! आता येणारच नाहीत बहुतेक.

२५ मार्च
बाबा आले. आत गेले आणि सुलू ओढून काढला. बाई उठल्या, बाबांनी त्यांना बसवलं. खुर्ची काचेकडे, माझ्याकडे वळवली. मग हातांनी बोलायला लागले.
मी घाबरले. पण मान नाही वळवली.