नकाशावरची कोरी गल्ली

प्रिय चिंगे,

गेले पंधरा दिवस तुझे फोन धड घेतले नाहीत, कारण मी गल्ली मोजत होते. हसू नकोस. तुझ्या बाबांची मोजणीची टेप, त्यांची लिहायची फळी आणि त्यांची ती उन्हाची टोपी घालून तुझी आई घरोघर फिरली. नोकरीची सगळी वर्षं मी प्रयोगशाळेत दुसऱ्यांचं रक्त तपासलं, भिंती कधी मोजल्या नव्हत्या. आज काम पुरं झालं. एक्केचाळीस घरं, नऊ दुकानं, एक बालवाडी.

आता सगळं सविस्तर सांगते. शहराच्या नव्या विकास आराखड्यात तीस मीटर रुंदीचा एक रस्ता बरोबर आपल्या गल्लीवरून जातो. शहर वाढतंय, बाहेरच्या वस्त्यांना रस्ता हवा, त्याला माझी ना नाही. पण तो इथूनच का? तर नकाशावर इथे काहीच नाही म्हणून. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने लाल, आणि आपली गल्ली कोरी. कोरी म्हणजे मोकळी जमीन असं धरून कुणीतरी पट्टी ठेवली आणि रेघ ओढली. मी हरकत द्यायला गेले तर खिडकीतला कारकून म्हणतो, "बाई, नकाशात गल्लीच नाही, तर हरकत कुणाची लिहून घेऊ?" मी म्हटलं, "गल्ली नाही, तर घरपट्टीची नोटीस दरवर्षी कुठे पाठवता?" त्याने अर्जावर शिक्का मारला. मला असं बोलता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. बाबा असते तर आठवडाभर ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसले असते.

गल्लीतले सगळे मोर्चा काढायला निघाले होते. मी म्हटलं, मोर्चा नंतर. प्रयोगशाळेत आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, की तपासणीत काही सापडलं नाही आणि तपासणीच झाली नाही, या दोन गोष्टींची गल्लत करायची नाही. आधी तपासणी करू, मग बोलू.

पहिल्या दिवशीच फजिती झाली. टेपचा पहिला मीटर कधीतरी तुटून गेलाय. बाबा एकच्या आकड्यापासून मोजायचे आणि शेवटी एक वजा करायचे. मला काय माहीत! सगळी घरं एकेक मीटरने मोठी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला गेले तर वेल्डर म्हणाला, "राहू द्या ना काकू, जन्मात पहिल्यांदा माझं काहीतरी वाढलंय!" शिवणवाल्या मावशींचं खाली दुकान, वर घर. त्यांना अर्धा निळा, अर्धा पिवळा रंग येतो असं सांगितलं, तर म्हणाल्या, "म्हणजे राबायचं निळ्यात आणि पाठ टेकायची पिवळ्यात. झोपेचा रंग जरा मोठा काढा हो." बाबा गेल्यापासून आठ महिन्यांत मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसले. मग घरी येऊन त्यांची टोपी त्यांच्याच खुंटीला लावली.

टेपचं ते वजा एक मला कळलं बाबांच्या वहीवरून. आठ वर्षांपूर्वी शहराच्या जमीनवापराची पाहणी झाली, तेव्हा पालिकेसाठी गल्ल्या मोजताना त्यांनी ठेवलेली वही. पहिल्याच पानावर लिहिलंय, टेप एकपासून. पुढे एकेका गल्लीचं नाव आणि काम झालं की समोर बरोबरची खूण. बाबांच्या खुणा तुला माहीतच आहेत, दूध आणलं तरी कॅलेंडरवर करायचे. आपल्या गल्लीपुढे मात्र लिहिलंय, "स्वतःची. स्वतः करू नये. नकाशाकाकांना सांगणे." आणि खूण नाही.

म्हणजे इथे दुसऱ्या कुणाला पाठवा, असं त्यांनी काकांना सांगितलंच नाही. का राहिलं ते वहीत नाही, आणि मीही कारण शोधत बसणार नाही. ते विसरले.

वही घेऊन मी काकांकडे गेले. वीस वर्षं बाबांच्या शेजारच्या टेबलावर बसलेला माणूस. हातात आलेल्या नोंदींप्रमाणे नकाशा रंगवायचा, एवढंच त्यांचं काम. पण नकाशावर सही त्यांची, म्हणून गल्लीत सगळे त्यांच्या नावाने खडे फोडताहेत. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "वहिनी, ही वही कपाटात ठेवा. मी पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. मला बोलतील आणि विसरतील. तो तर आता उत्तर द्यायलाही नाही." बाबांकडून हे राहून गेलं, ते त्यांना आराखडा जाहीर झाला त्याच दिवशी उमगलं होतं, चिंगे. तीन महिने ते शिव्या खात गप्प होते. मी चहा तसाच ठेवून उठले. रागच आला होता, कुणाचा ते अजून सांगता येत नाही.

आता मुद्द्याचं. काकांनी पैसे खाऊन गल्ली गाळली, असा जो तक्रारअर्ज तू माझ्या सहीसाठी पाठवलास, तो सही न करता सोबत परत पाठवतेय. गुरुवारी अकरा वाजता सुनावणी आहे. तिथे मी माझी मोजणी देणार आहे आणि बाबांची वही उघडून ठेवणार आहे. इथे पाहणी झालीच नाही, याचा तेवढा एकच लेखी पुरावा आहे, आणि त्यावर पालिकेला ही रेघ पुन्हा तपासावीच लागेल. लोक बाबांना नावं ठेवतील. ठेवू देत. आपल्या गल्लीला झुकतं माप मिळू नये म्हणून त्यांनी हात मागे घेतला आणि मग चुकले, हे मी खणखणीत आवाजात सांगणार आहे. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. मी परवानगी मागत नाही. तू फक्त काकांना फोन कर. गेल्या महिन्यात तू आली होतीस, ते दारात आले आणि तू तोंड फिरवलंस, ते त्यांनी पाहिलं होतं.

तुझीच,
आई