बिनविरोध

२ डिसेंबर
रविवारचा लेख अडलाय. विषय मीच मागून घेतला: सारखीच माती, सारखाच पाऊस, तरी एक देश वर येतो अन् दुसरा तिथंच का राहतो? सत्तेला जाब विचारता येतो की नाही, त्यावर ठरतं, इथवर लिहून झालं. उदाहरणं सगळी परदेशची. जवळचं एक हवं.
दुपारी धाकट्या बहिणीचा, विमलचा फोन. सरपंचपद बाईसाठी राखीव, तिनं अर्ज भरला. "भाऊ, बोर धरणाचं पाणी आपल्या वावरापर्यंत येतच नाई. वरचे अडवून राह्यले. निवडून आली त पयले पाटचरी मोकळी करतो."
मिळालं उदाहरण!

५ डिसेंबर
गावी. विमल सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. घरोघर हिंडून आलीय, पायी. "बाया म्हणतेत, या खेपेले तुमालेच." लग्नातही इतकी खूश नव्हती.
तिचा नवरा गजानन एवढंच म्हणाला, "संध्याकाळी मंदिरात बैठक हाये." बायकांना बोलावणं नाही. मी जाणार.

६ डिसेंबर
काल रात्री लिहवलं नाही.
मंदिरात लिलाव झाला. सरपंचपदाचा. वांग्याच्या ढिगासारखा. सभामंडपाला जो जास्त देईल त्याच्या घरची बाई सरपंच, बाकीच्यांनी माघार घ्यायची. गुलाल आधीच आणून ठेवलेला.
हा गुन्हा आहे, म्हणालो. देवळाचे पंच नामदेवराव हसले. "काऊन जी पेपरवाले? भांडण नाई, दारू नाई, अन् मारुतीले छप्पर. तुमच्या शहरात होते का असं?"
शेवटची बोली गजाननची. विमलच्या नावानं.
पैसा वरच्या वावरवाल्यांचा. अट एकच, पाटचरीला हात लावायचा नाही.
बाहेर आल्यावर गजानन, "तिलेच त सरपंच व्हाचं होतं ना? झाली! तोंड काऊन पाडून राह्यले, साळेबुवा?"

७ डिसेंबर
विमलला मीच सांगितलं. जुडी हातातच राहिली. "म्हंजे मले कोणी मत देणारच नाई?"
छापू का, विचारलं.
"छापलं त निवडणूकच रद्द होईन. मंग कधी लागन?"
माहीत नाही. खरंच नाही.
ती चप्पल घालून थेट शोभाच्या घरी. शोभा म्हणजे समोरची उमेदवार, आता दुसरी तेवढीच उरलीय. दारातूनच, "बाई, उद्या माघार घेऊ नोको. माह्या इरुद्ध उभी राह्य. पाड मले, पन उभी राह्य."
आतून शोभाच्या सासऱ्याचा आवाज, "येडी झाली का वो ही?"
संपादकांचे फोन. उचलले नाहीत. नोकरीत पहिल्यांदा.

८ डिसेंबर
तहसीलसमोर, चहाच्या टपरीवर लिहितोय. माघारीची मुदत तीनपर्यंत.
शोभा आली, सासऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून. विमल फाटकाशी उभी.
सासरा पायरीवरून, "चाल ना आत."
शोभा उतरलीय. गाडीचा दांडा धरून उभी आहे. तीनला दहा मिनिटं कमी. अजून उभीच