खालच्या सुरातले बुवा

६ जानेवारी, देवबाग
पोचले. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये सुनंदाचं घर आणि त्यात माझी खोली. सुनंदा फुगडीची गाणी म्हणते. घर चालवता चालवता, मासे साफ करता करता, कुठेही. पुण्याहून निघताना वाटलं होतं गायिका शोधाव्या लागतील. इथे तर चहाबरोबरच आली.

उद्यापासून मालवणला शाळेच्या हॉलमध्ये कार्यशाळा. बोलावणं फिलू टीचरचं (फि.टी.). ती चर्चमध्ये कॉयर शिकवते, एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाणाऱ्या मुली आहेत तिच्याकडे. दुसरा गट सुनंदाच्या फुगडीवाल्या बायकांचा. तिसरा भजनी मंडळाचा, आणि त्यांचे बुवा म्हणजे सुनंदाचे थोरले भाऊ. सगळ्यांनी मिळून एक गाणं, शेवटी शाळेच्या पटांगणात कार्यक्रम. गाण्याचा मुखडा सुनंदानेच दिला, ‘होडी इली गो, होडी इली’. पुढचं मी बांधलंय.

हे तीन प्रकारचे गळे एकत्र कसे वाजतील? जाम उत्सुकता. थोडी धास्तीपण.

७ जानेवारी
फजिती.

पुण्यात माझ्या गायनगटाबरोबर मी नेहमी करते तेच केलं. गट समोरासमोर उभे केले, म्हणजे एकमेकांचा आवाज ऐकू येतो. एका बाजूला कॉयर, दुसऱ्या बाजूला भजनी मंडळ, बायका मध्ये. कॉयर सुरू झाली. भजनी मंडळ गप्प. मी हात वर करकरून थकले, ढिम्म. कॉयरची ओळ संपली आणि मंडळाने तीच ओळ अशी काही उचलली, दुप्पट जोरात, पखवाजासकट, की फि.टी.च्या मुली दोन पावलं मागे सरकल्या. मग त्याही इरेला पेटल्या. अर्ध्या तासात घसे बसायची वेळ.

संध्याकाळी सुनंदा बांगडे कापता कापता हसून बेजार. “तुमीच समोरासमोर उभे केलास. तुमका डबलबारी म्हायत नाय?”

ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. एकाची बारी झाली की दुसऱ्याने उत्तर द्यायचं, सूर चढवत न्यायचा. आणि एकाची बारी चालू असताना दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. म्हणजे मी ज्याला असहकार समजले ती त्यांची सभ्यता होती! कार्यशाळा घ्यायला आले आणि धडा मीच घेतला.

८ जानेवारी
आज सगळ्यांना एकाच गोलात मिसळून उभं केलं. भांडण थांबलं. पण बुवाच गाईनात. पेटीवर मान खाली घालून बसलेले, वरची ओळ आली की शिष्याला खूण करायची, की तो गाणार. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हटलं, “बुवा, तुम्ही पाहुणे म्हणून आलात का?” ते नुसते हसले आणि पेटीचा भाता हलवत राहिले.

फि.टी.ने मला बाजूला घेऊन दम दिला. “असं नको बोलूस त्यांना. सुनंदाला विचार.”

९ जानेवारी
सुट्टी. देवबागच्या टोकापर्यंत चालत गेलो, मी आणि सुनंदा. विचारलं.

“गेल्या जत्रेक दादाचो आवाज फुटलो. भर बारीत. समोरचो बुवा कीव केल्यासारखो थांबान रवलो, दादाचा संपापर्यंत. हसलो असतो तर दादाक इतका लागला नसता.”

तेव्हापासून बुवांनी एकही बारी घेतलेली नाही. लोकांना सांगतात, घशाला थंडी बाधली. काळी पाचमध्ये, म्हणजे पुरुषाला फार उंच अशा पट्टीत गाणारा माणूस. जत्रेत लोक वरचा सूर ऐकायला येतात, तो लागला की पोरं शिट्ट्या मारतात. आता तो लागत नाही आणि हे गावाला कळू द्यायचं नाहीये.

कालचं माझं वाक्य आठवून कसंतरीच झालं. सुनंदाने पाणी दिलं, प्यायले.

१० जानेवारी
मधल्या सुट्टीत बुवा पखवाजाचा आवाज जुळवायला त्याच्या डाव्या अंगाला कणीक लावत होते. एक थाप मारायची, ऐकायचं, पुन्हा थोडी कणीक. आणि थापेबरोबर स्वतःशीच गुणगुणत होते. खाली, अगदी खाली. मी चहा हातात घेऊन तशीच उभी. असा खर्ज! पुण्यात माझ्या गटात एकाकडेही नाही. आमच्या गाण्याला तळच नव्हता, आणि तो इथे पखवाजाजवळ बसला होता.

तिथेच म्हटलं, “बुवा, हीच ओळ तुम्ही खालून धरा. बाकी सगळे तुमच्यावर उभे राहतील.”

“खालचो सूर म्हणजे हरलेल्याचो सूर, बाईनू.”

फि.टी. मध्ये पडली. “आमच्यात असा आवाज मिळाला तर फादर त्या माणसाला जेवणावरून उठवून नेतील.”

बुवा हसले. मग म्हणाले, “पण ते म्हणतत तेवा आमी कसा म्हणूचा? तेंची बारी ना ती?”

मी म्हटलं, ही सगळ्यांची मिळून एकच बारी. समोर कुणी नाही.

“मगे जिकतलो कोण?”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांना ओळ पुन्हा दिली.

११ जानेवारी
बुवा गायले!

आधी डोळे मिटून, कॉयरकडे पाठ करून. कॉयर वर गेली, बायका मध्ये आल्या, आणि खालून बुवा. अंगावर काटा आला. सुनंदा गाता गाता थांबली आणि भावाकडे बघत राहिली, तिची ओळ राहूनच गेली. मी ओरडले नाही. मलाही हात हलवायचं भान नव्हतं.

उद्या कार्यक्रम. जत्रेतले ते समोरचे बुवाही येणार म्हणे. आमच्या बुवांनी नवं धोतर काढून ठेवलंय.

१२ जानेवारी
छान झालं. खरंच छान झालं. शेवटची ओळ विरली आणि पटांगणभर टाळ्या. फि.टी.ने मला मिठी मारली. मी खूश, मनापासून खूश.

मग एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. बुवांच्या सगळ्या बाऱ्या ऐकलेले, कुणकेश्वरहून मुद्दाम आलेले. “बुवानू, आज तुमी गप कित्याक रवलास? एक तान तरी मारूची होती!”

गप? त्या माणसाने सबंध गाणं उचलून धरलं होतं. आवाज असा मिसळला की कुणाला वेगळा ऐकूच आला नाही. मी गेली वीस वर्षं गायकांना हेच शिकवतेय, मिसळा, मिसळा. आज पहिल्यांदा त्याचा राग आला. मी पुढे होऊन सांगणार होते, बुवांनी डोळ्यांनीच नको म्हटलं. ते समोरचे बुवा लांबून नमस्कार करून निघून गेले. त्यांना काय ऐकू आलं, कोण जाणे.

१३ जानेवारी, कुडाळ स्टेशन
गाडी उशिरा आहे. बुवा सोडायला आले, रिक्षातून माझी बॅग स्वतः उतरवली. सुनंदाने घरून निघताना काजू दिलेत, आणि डोळे पुसलेत.

बाकावर बसलो. त्यांनी बॅग पायाशी सरकवून घेतली. मग,

“बाईनू, काल मी म्हटलंय ता कोणाकच कळूक नाय. माज्याशिवाय काय अडला असता?”

म्हटलं, सगळं गाणं कोसळलं असतं बुवा.

“ता तुमी म्हणतास. मगे एकदा माका सोडून म्हणा. मी भायर बसतंय. माका आयकूचा आसा, काय कमी पडता ता.”

काही कमी पडतं का ते ऐकून जत्रेचं ठरवणार आहेत. जत्रा समितीने त्यांना पुन्हा विचारलंय, डबलबारीत एका बाजूची बारी घ्या म्हणून. वरच्या सुरात पुन्हा उभं राहायचं आणि आवाज फुटला तर फुटू द्यायचा, की दर रविवारी फि.टी.कडे खाली गायचं.

ते गेल्यावर फि.टी.ला फोन केला. या रविवारी चर्चच्या पायरीवर बुवा बसतील, आत गाणं त्यांच्याशिवाय म्हणा. आणि मुद्दाम वाईट गाऊ नका, त्यांना लगेच कळेल.

“नाही गाणार,” ती म्हणाली. “पण मुली आता तयार झाल्यात गं. चांगलंच गातील.”

तीच तर भीती आहे.